गुरुवारच्या चार खुर्च्या

छातीत पाणी साचतं ना, तसे किस्से साचतात. रोज थोडं थोडं, कळतही नाही, आणि मग एक दिवस दम लागायला लागतो. पाणी काढायला माझ्याकडे सुई आहे. किस्से काढायला तुम्ही मंडळी आहात. तेव्हा चहा घ्या आणि ऐका.

मी फुफ्फुसांची डॉक्टर. माहेर बांद्याचं, त्यामुळे पेशंट मालवणीत काय पुटपुटतात ते सगळं मला कळतं. कुडाळपासून थोडं आत आमचं लहानसं हॉस्पिटल आहे. तिथे गुरुवार कॅन्सरचा. खिडकीशी मागे रेलणाऱ्या चार मोठ्या खुर्च्या आहेत, त्यांत बसून केमो घ्यायची. बसणारे सगळे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे, तोही शेवटच्या टप्प्यातला. हा आजार बरा होणार नाही, हे मी प्रत्येकाला समोर बसवून सांगितलेलं असतं.

लग्नाबिग्नात भेटलेले लोक विचारतात, "रोज रडू येत असेल ना हो तुम्हाला?" येतं कधीकधी. पण त्याहून जास्त वेळा हसू येतं, आणि मास्क असतो म्हणून माझी अब्रू वाचते.

या आजारात काही भानगडी अशा असतात की पुस्तकात त्यांच्यापुढे 'क्वचित' लिहिलेलं असतं. क्वचित, पण झाली तर माणूस बघता बघता जाऊ शकतो. ही पुस्तकं लिहिणारे कधी सिंधुदुर्गात आलेले नसावेत. आमच्याकडे सगळं क्वचित गुरुवारी येतं!

चार खुर्च्यांचे पुढारी भाऊ गुरव. त्यांच्या गावच्या ग्रामदेवतेची पूजा पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराकडे. नुसती पूजा नाही, कौलही. म्हणजे देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोयरीक, विहीर, जमिनीची वाटणी, गावात सगळं भाऊंच्या कौलावर चालायचं. मुलगा संजू गोव्यात हॉटेलात कुक होता. बापाचा रिपोर्ट आला तसा नोकरी सोडून घरी आला.

पहिल्याच दिवशी भाऊंनी मला सांगून टाकलं, "बाय, माका वरसां नको. झील कौल घेवक शिकापर्यंत काढा, मगे तुम्ही सुटलास."

मी विचारलं, "पूजा शिकला ना तो?"

"पूजा इली. पाकळ्यो लावूकय इल्यो. इचारूक येणा नाय!"

मी मान डोलावली. देवाला प्रश्न विचारायला शिकायचं काय असतं, ते काही मला तेव्हा कळलं नाही.

*

दुसऱ्या खुर्चीत सुलभाक्का. विडी-सिगारेट जन्मात नाही, आयुष्यभर चुलीचा धूर मात्र पोटभर. एका गुरुवारी त्या पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आल्या.

"कसले पेढे, अक्का?"

"अंगाक लागला माका तुमचा औषध! वाड्यावरची सगळी म्हणतत, सुलभा, तोंड कसा भरला गो तुझा! टेलरान पोलक्याचो गळो दोनदा वाढवलो."

मी पेढा हातात घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. तोंड खरंच भरलं होतं. पापण्याही भरल्या होत्या. गळ्यावरच्या शिरा दोरीसारख्या टरारून आलेल्या.

"सकाळी उठल्यावर जास्त भरलेलं असतं का तोंड?"

"व्हय तर! सकाळची मी एकदम नवरीवरी दिसतंय!"

डोक्याकडचं आणि हातांचं रक्त हृदयाकडे आणणारी एक मोठी शीर असते. गाठीने ती दाबली जात होती. रक्त वर तुंबत होतं आणि सगळी वाडी कौतुक करत होती. मी पेढा खाली ठेवला, अक्कांना बसतं करून ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं आणि त्याच दुपारी ॲम्ब्युलन्सने गोव्याला पाठवलं. तिथे त्या शिरेत जाळीची नळी बसवली. जीव वाचला.

पुढच्या खेपेला अक्का आल्या त्या मूळच्या चेहऱ्याने. गालफडं आत, पोलकं ढगळ, आणि प्रचंड चिडलेल्या.

"काय झालं, अक्का?"

"काय होतला? आता सगळी रडत येतत. गोयात नेवन काय केल्यानी गो तुझा, सगळी सुकवून टाकली! डॉक्टर, वाड्यावरच्यांका खूश ठेवूचा तर माका मरूकच व्हया!"

*

तिसरी खुर्ची रॉबर्ट मास्तरांची. चाळीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलेलं. घरी बायकोशी कोकणीत, चर्चमध्ये कोकणीत, पण माझ्याशी अगदी छापील मराठीत. मी "चेक करते" म्हटलं की "तपासते म्हणा" म्हणून दुरुस्त करायचे.

एका गुरुवारी मास्तर खुर्चीत बसले ते काही वेळाने उठून उभे राहिले आणि हजेरी घ्यायला लागले!

"सुलभा!"

अक्का बावरून माझ्याकडे बघायला लागल्या. भाऊ हळूच म्हणाले, "हजर म्हण गो, नाय तर कान धरतलो."

"हजर!"

"भाऊ!"

"हजर, मास्तर!"

"फिलोमिना!"

फिलोमिना आमच्या सिस्टर. फिलू सिस्टर म्हणजे हॉस्पिटलचा कणा. पंधरा वर्षं इथे आहे, पेशंटसमोर डोळ्यांत पाणी आलेलं कुणी पाहिलं नाही. तीसुद्धा सलाईन सोडून ताठ उभी राहिली. "हजर, सर!"

काही प्रकारच्या गाठी असा काही रस सोडतात की शरीर पाणी धरून ठेवतं. रक्तातलं मीठ पातळ होत जातं आणि माणूस भ्रमतो. फार उतरलं तर फिट येते, बेशुद्धी येते आणि खेळ खलास. मास्तरांचं मीठ बरंच उतरलं होतं. उपाय म्हणजे पाणी बंद, आणि मीठ हळूहळू चढवायचं. घाईने चढवलं तर मेंदूलाच अपाय.

आता आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जाताना काय नेतात? शहाळी! मास्तरांचे विद्यार्थी जिल्हाभर. दोन दिवसांत वॉर्डाबाहेर शहाळ्यांचा ढीग लागला. फिलू सिस्टर दारात उभी राहून एकेकाला परत पाठवत होती. "पाणी पाजशात तर मास्तराक मारशात!" लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

त्यात भाऊ देवाचं तीर्थ घेऊन आले. मास्तर ख्रिश्चन, पण भाऊंच्या तीर्थाला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. भाऊंनी सिस्टरला विचारलं, "पळीभर तीर्थ पाण्यात धरतास काय?"

सिस्टरने विचार केला. मग चार्टवर, चहा आणि औषधाच्या खाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं: तीर्थ, पाच मिली.

मास्तर ताळ्यावर आले तसं मी त्यांना सगळं सांगितलं. मास्तर फार ओशाळले. मग म्हणाले, "हजेरीत आपलं नाव होतं का हो, डॉक्टर?"

"शेवटी घेतलंत. कालची गैरहजेरी लावून 'काल कुठे होतीस' असंही विचारलंत."

"आणि काल आपण कुठे होता?"

मी गोव्याला कॉन्फरन्सला गेले होते. तसं सांगितलं.

"म्हणजे गैरहजेरी योग्यच लागली," मास्तर म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

*

चौथ्या खुर्चीत शंकर. आरोंद्याचा, खाडीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणि मासे पकडणारा, चौघांत सगळ्यात तरुण. त्याचं गाठीकडचं फुफ्फुस एक दिवस फुटलं आणि हवा छातीत कोंडली. श्वास घेता येईना, ओठ निळे. बरगड्यांतून नळी घातली आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. कोंडलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. साधं काम आहे, फक्त एक नियम: बाटली कायम छातीच्या खाली, जमिनीवर. उचलली तर पाणी उलटं छातीत जाऊ शकतं.

शंकर शुद्धीवर आल्याबरोबर बाटलीकडे बघून म्हणाला, "डॉक्टर, बुडबुडे येतत म्हणजे खाली कुर्ली आसा!" त्याची बायको लता रडता रडता हसली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शंकरची सासू आली. जावयाच्या छातीतून आलेली नळी बघितली. ती ज्या बाटलीत गेली ती जमिनीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांशी! म्हातारीला ते बघवेना. तिने मोठ्या आदराने बाटली उचलली, पदराने पुसली आणि बाजूच्या कपाटावर ठेवली.

फिलू सिस्टर वॉर्डाच्या त्या टोकाहून किंचाळत धावली. बाटली झटकन खाली घेतली. शंकर खोकून खोकून लाल झाला, पण वाचला. सासू पदर हातात धरून उभी. "पाय लागतलो म्हणान ठेवलंय गो बाय!"

सिस्टरने खूप समजावलं. पण सासू गेली की मावशी येणार, मावशी गेली की आत्या. शेवटी तिने खडू आणला आणि बाटलीभोवती जमिनीवर एक मोठं रिंगण काढलं. म्हणाली, "ह्याच्या आत कोणी हात घालूचो नाय!"

सकाळी राउंडला गेले तर रिंगणात हळदकुंकू, जास्वंदीचं फूल आणि अगरबत्ती!

"ऑक्सिजन चालू आसा! पेटतलंव सगळे!" म्हणत सिस्टरने अगरबत्ती खिडकीबाहेर फेकली. फुलाला मात्र हात लावला नाही. मी विचारलं, "हे काढायचं नाही?"

"राहूंदे, मॅडम. रातीपासून बाटलेक कोणी हात लावलेलो नाय."

नळी काढेपर्यंत रोज ताजं फूल होतं. झाडूवाली बाईसुद्धा नमस्कार करून बाजूने झाडायची.

*

पुढे शंकरच्या स्कॅनमध्ये दिसलं की गाठ एका मोठ्या रक्तवाहिनीला टेकली आहे. ती फुटली तर तोंडातून एकदम रक्त येतं आणि मिनिटांचा खेळ असतो. फार क्वचित. पण घरच्यांना आधी सांगून ठेवावं लागतं.

अशा घरांना फिलू सिस्टर एक टॉवेल देते, गडद मरून रंगाचा. पांढऱ्या कापडावर रक्त फार दिसतं, बघणारा घाबरून पळतो, आणि जाणारा माणूस एकटा पडतो. मरूनवर तितकं दिसत नाही. तिने लताला बाजूला घेऊन सांगितलं, "असा झाला तर त्येका कुशीर कर, ह्यो टॉवेल लाव, आणि हात सोडू नको. बाकी काय करूचा नाय." लताने टॉवेलची घडी घालून पिशवीत ठेवली.

शंकर गेला तेव्हा तसलं काही झालं नाही. पेज प्यायला, पडला, आणि झोपेत गेला. बारावं झाल्यावर लता आईला घेऊन आली. टॉवेल धुतलेला, इस्त्री केलेला, वर कोकमाच्या सोलांची पुडी.

"वापरूक लागलो नाय, सिस्टर. दुसऱ्या कोणाक होतलो."

फिलू सिस्टर "बरा" म्हणाली, टॉवेल घेतला आणि ड्रेसिंग रूममध्ये गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मीही दार वाजवलं नाही. शंकरची मला फार सवय झाली होती, ती खुर्ची त्या दिवशी मला बघवत नव्हती.

बाहेर सासू मात्र वॉर्डभर वाकून काहीतरी शोधत होती. हातात जास्वंदीचं फूल.

"काय शोधताय, आजी?"

"ती बाटली खंय ठेवलास?"

*

आता भाऊंचं सांगते. भाऊ शिमगा झाल्यावर गेले, आपल्या घरी, सगळ्यांना ओळखून. हा किस्सा त्याआधीचा, गणपतीनंतरच्या एका गुरुवारचा.

त्या दिवशी भाऊ आले तेच चुलतभाऊ दाजींच्या खांद्यावर टेकून. संजू देवळात होता, पूजा त्याच्याकडे. भाऊंना निजवत नव्हतं, पुढे वाकून बसले तरच श्वास मिळत होता. घाम सुटलेला. नाडी बोटांखाली येत होती, जात होती. बीपी उतरलेलं. स्टेथोस्कोप लावला तर हृदयाचे ठोके कुठून तरी लांबून आल्यासारखे.

इको लावला. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरलं होतं आणि त्या पाण्यात हृदय चेपलं जात होतं. हेही क्वचित. इलाज एकच, छातीखालून सुई घालून ते पाणी काढायचं. तेही लगेच. गोव्याला नेण्याइतका वेळ नव्हता.

मी सांगितलं. दाजींनी दोन्ही हात जोडले. "काळजात सुई? देवाक इचारल्याबिगर? नाय, बाय."

मी भाऊंकडे पाहिलं. म्हटलं, हा माणूस शहाणा आहे, हा सांगेल.

भाऊ धापा टाकत म्हणाले, "दाजी... संजूक फोन लाव. कौल घेवया."

राग आला की मी मालवणीत जाते. "भाऊ, तुमका समाजता काय? थांबलंव तर तुम्ही ऱ्हवणास नाय!"

"समाजता, बाय. माझा आंग देवाच्या सेवेचा. इचारूक... व्हया."

शुद्धीवरच्या माणसाने नको म्हटलं तर त्याच्या छातीत सुई घालता येत नाही. शुद्ध गेल्यावर दाजींना विचारायचं, तर दाजी हात जोडून उभे. मी ग्लोव्हज घातले, छातीवर औषध लावलं, सुई तयार ठेवली. फिलू सिस्टर पलीकडे क्रॉसची खूण करून उभी. मॉनिटरवर आकडे खाली चाललेले. मी घाबरले होते, सरळ सांगते.

दाजींनी फोन स्पीकरवर टाकला. संजूला सांगितलं.

"माका... माका जमाचा नाय, दाजी. मी कधी घेवक नाय."

भाऊ म्हणाले, "घे."

देवळात रेंज नाही. म्हणून त्याचा फोन बाहेर दीपमाळेपाशीच असतो. संजू फोन दीपमाळेवर ठेवून आत गेला. आम्हाला नुसते कावळे ऐकू येत होते. दाजी पुटपुटत होते. भाऊंचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं होतं.

मग धावत आलेली पावलं. संजू रडतच होता.

"भाऊ... डावी पडली!"

दाजींनी डोळे मिटले. मी सुई हातात धरून उभी, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एका पाकळीचा राग आला.

भाऊंनी माझ्या खांद्यावरून डोकं उचललं. ओठ निळे पडले होते.

"इचारलंस... काय?"

"'भाऊंका सुई घातली तर चलात काय' म्हणान."

"गाढवा!" भाऊंना धाप लागली. थांबून थांबून म्हणाले, "असा इचारतत? जा परत. 'सुई न घालता... भाऊक असोच सोडलो... तर चलात काय?' असा इचार!"

पावलं धावत गेली. कावळे. आकडे आणखी खाली. फिलू सिस्टर माझ्याकडे बघत होती, मी भाऊंकडे.

पावलं परत आली. "भाऊ! परत डावीच पडली!"

"ऐकलंस, दाजी?" भाऊ म्हणाले. "देव नको म्हणता. तसोच सोडू नको म्हणता." आणि शर्ट बाजूला करून मला म्हणाले, "घाला, बाय."

घातली. सिरिंज लालसर पाण्याने भरली, दुसरी भरली. आकडे वर यायला लागले. मनगटावर नाडी आली. भाऊंनी पहिला मोठा श्वास घेतला आणि मागे रेलले. दाजी भिंतीशी खाली बसले.

फोन अजून चालूच होता. कुणाच्या लक्षातच नव्हतं. त्यातून संजूचा आवाज आला, अगदी बारीक.

"भाऊ... दुसऱ्यांदा उजवी पडली असती तर?"

भाऊ डोळे न उघडताच म्हणाले, "मगे तिसरो प्रश्न होतो."